दहापैकी दहा

९ जानेवारी

बारके,

तुझं पत्र मिळालं. नऊ वर्षांनी. पाकिटावरच्या ओळी तिरक्या वर चढत गेलेल्या दिसल्या आणि नाव वाचायची गरजच उरली नाही. शाळेत बाईंनी पट्टी मारून मारून हात लाल केले तरी तुझी ओळ काही सरळ आली नव्हती.

फोन तू सात वेळा केलास. मी उचलला नाही, पुढेही उचलणार नाही. फोनवर तू रडतेस. रडण्यात तू लहानपणापासून पटाईत आणि मी लहानपणापासून त्यापुढे हरत आलेली. तेव्हा जे काही सांगायचं असेल ते लिही.

तर तुला रक्ताचा कर्करोग झालाय. औषधांनी सध्या तो दबलाय, पण डॉक्टर म्हणतात परत उसळणार, आणि त्याच्या आत सख्ख्या बहिणीच्या पेशी मिळाल्या तर आशा आहे. "ताई, आता तूच," असं शेवटी लिहिलंयस. वाचून मला हसू आलं. बावीस वर्षं मी हेच काम करतेय. कुणाचं मूत्रपिंड कुणाला चालेल, कुणाची अस्थिमज्जा कुणाच्या अंगी लागेल, हे रक्ताच्या नळ्या बघून सांगायचं. इतक्या वर्षांत तू एकदाही विचारलं नाहीस की ताई, तू दिवसभर करतेस तरी काय.

आणि ती हिरवी पूड कुठे गेली गं? कोमट पाण्यातून रोज सकाळी आईला द्यायचीस ती. 'प्रतिकारशक्ती दुप्पट' म्हणून तू व्याख्यानं द्यायचीस, हॉल भरायचे, बायका वहीत लिहून घ्यायच्या. तीच घे की दोन चमचे जास्त.

आज तुला एक व्याख्यान मी देते, फुकट. आईची प्रतिकारशक्ती कमी नव्हती. कुणाचीच एवढी कमी नसते. शरीरातली प्रत्येक पेशी, आत काय शिजतंय त्याचे बारीक तुकडे आपल्या दारात मांडून ठेवते. पहाऱ्याच्या पांढऱ्या पेशी दारोदार फिरून ते तुकडे चाचपतात. नेहमीचा तुकडा असला की पुढे जातात. कधी न पाहिलेला असला की तिथेच चिकटतात, त्या पेशीच्या अंगाला भोकं पाडतात आणि आत विष सोडतात. काही मिनिटांत ती फुगून फुटते. मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलंय. यात ताकदीचा प्रश्न येतच नाही, ओळखण्याचा येतो. कर्करोगाची पेशी घरातच जन्मलेली, घरच्यांसारखीच दिसणारी. ती दारातले तुकडे आत ओढून घेते, नाहीतर पहारेकरणीच्या अंगावरची कळ दाबून तिला 'काही नाही, जा पुढे' म्हणते. आणि ती जाते. तू पूड चारून पहारा दुप्पट केलास म्हणून काय होणार होतं? दुप्पट जणी पुढे निघून गेल्या असत्या.

आईचे केमोचे सहा डोस ठरले होते. तीन माझ्याकडे झाले आणि स्तनातली गाठ अर्ध्यावर आली. चौथ्याच्या आदल्या दिवशी मी कामावरून आले तर पलंग रिकामा. तू तिला घेऊन गेली होतीस. पुढचे तीन डोस तिने घेतले नाहीत. सात महिन्यांनी तू कळवलंस, तेव्हा तिचा चष्मा आणि दोन साड्या एवढंच न्यायचं उरलं होतं.

त्या दिवशी तू काय बोललीस, तिला कशी फितवलीस, ते सगळं मला लिहून हवंय. तुझ्या तिरक्या अक्षरात. मग पेशींचं बघू.

कागदोपत्री तुझी,
ताई

२६ जानेवारी

बारके,

दीड पान आलं. दीड पानात अकरा वेळा 'पण'. "माझं चुकलं, पण तेव्हा परिस्थिती तशी होती." "मी दोषी आहे, पण तूही दार लावून जायचीस." ही माफी नाही, हा सौदा झाला. आणि दाराचं म्हणशील तर मी ते ओढून घ्यायचे. जिन्यातून गार वारा यायचा.

तू विचारतेस, तपासणी कधी करणार. तुला आता खरं सांगते.

आमच्याकडे नवीन रसायनाचा खोका आला की पहिला प्रयोग आम्ही आमच्याच रक्तावर करतो. उत्तर आधीच माहीत असतं, त्यामुळे खोका खोटा निघाला तर लगेच कळतं. अशा रीतीने गेली बावीस वर्षं मी स्वतःचं रक्त तपासत आलेय. जुळणी ठरवणारी माझ्या पेशींवरची दहा चिन्हं, पाच आईकडून आलेली आणि पाच बाबांकडून, मला पाढ्यासारखी पाठ आहेत. आठ डिसेंबरला बाहेरच्या हॉस्पिटलातून एक नळी आली. वर नुसता आकडा, नाव नाही. दुपारी निकाल उमटला आणि मला वाटलं, वेंधळेपणाने मी माझंच रक्त लावलं. नळी पुन्हा घेतली, पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मग खुर्चीत बसले, कारण जगात असं रक्त माझ्याखेरीज फार तर एकाच माणसाचं असणार, आणि तिचं तोंड मी नऊ वर्षं पाहिलेलं नव्हतं.

आमच्याकडे नियम आहे. नात्यातल्या माणसाचा नमुना आपण हाताळायचा नाही, आमच्या विभागप्रमुख बाईंना सांगून टेबलावरून उठायचं. मी उठले नाही. निकाल लिहिला, सही केली, आणि तू कधी लिहितेस याची वाट बघत राहिले. तुझं पत्र यायच्या महिनाभर आधीपासून मला ठाऊक होतं, बारके. त्या महिन्यात तुझे केस गेले असतील, तोंड आलं असेल, घास गिळवत नसेल. मी रोज डबा उघडून नीट जेवत होते.

तर जुळतं. दहापैकी दहा. आता नाच हवं तर.

एक गोष्ट मात्र तुझे डॉक्टर तुला सांगणार नाहीत. आपण जुळ्या असतो तर माझ्या पेशींचा तुला फारसा उपयोग झाला नसता. त्या तुझ्यासारख्याच असत्या आणि तुझ्या रोगाला तुझ्यासारख्याच फसल्या असत्या. मोठी दहा चिन्हं सारखी असली तरी शेकडो बारीक गोष्टींत तू आणि मी निराळ्या आहोत. तेवढ्या फरकाच्या बळावर माझ्या पेशी तुझ्या रक्तात शिरतील, दारोदार फिरतील आणि तुझ्या पेशींनी नेहमीचं समजून सोडून दिलेलं त्यांना परकं वाटेल. आपलं पटत नाही तेवढ्यापुरतीच तू वाचणार आहेस. अर्थात तुझी कातडी, तुझं आतडं, तुझं यकृतही त्यांना परकं वाटू शकतं. त्याला औषधं आहेत. पुरतात असं नाही.

आता ते दीड पान फाडून टाक आणि नीट लिही. 'पण' न घालता.

ताई

१७ फेब्रुवारी

बारके,

तुझी लेक आली होती. तिला तू टिकली म्हणतेस हे मला तिच्याकडूनच कळलं. दोन वेण्यांत शाळेला जाताना एकदाच पाहिली होती ती एकदम चष्मा लावून, खांद्याला पिशवी अडकवून आमच्या काचेच्या दाराशी उभी. आधी विचारलं, इथे आत येताना चपला काढायच्या का. नाक बाबांचं आहे तिचं.

तिने सांगितलं की रोग परत आला. शंभरातल्या आठ पेशी त्याच्या. डॉक्टर आता जास्त जहाल औषध देणार. त्याने खाली आला तर दोनेक आठवडे मिळतील आणि तेवढ्यात पेशी चढवाव्या लागतील. नंतर पुन्हा संधी मिळेल असं तिला वाटत नाही. हे सगळं ती पाठ करून आल्यासारखी बोलली, आणि मग हातरुमालाची घडी करत बसली.

मी तिला विचारलं, तुझी आई लिहीत का नाही? एवढं काय जड आहे चार पानं लिहायला?

ती म्हणाली, "मावशी, तिने तीनदा लिहून फाडलं. ती म्हणते, ते वाचून ताई मोडेल."

मला राग आला. मरायला टेकलीस तरी माझ्यावर उपकार करायची तुझी खोड जात नाही. मी पोरीला चहा न विचारताच वाटेला लावलं. गेल्यावर बघितलं तर खुर्चीवर रुमाल राहिला होता. तो धुऊन ठेवलाय.

म्हणे मोडेल. मी काय मोडणार? दार मी बाहेरून कडी घालून जायचे, हे तुला लिहायचंय ना? मग मीच लिहिते. हो, कडी घालायचे. आईच्या पांढऱ्या पेशी चार हजारांवरून पाचशेवर आल्या होत्या. शेजारीण खोकत खोकत गप्पा मारायला यायची, आई स्वतः उठून तिला दार उघडायची. एवढ्याशा सर्दीने ती चार दिवसांत गेली असती. मी दिवसभर इथे बसून परक्या माणसांच्या पेशी मोजायचे आणि घरी माझी आई शेजारणीच्या शिंका झेलत बसलेली. कडी घातली म्हणून ती तीन डोस झेलू शकली. गाठ अर्ध्यावर आली ती माझ्या कडीमुळे.

आता तुला लपवायला काही उरलं नाही. लिही. तू लिहिलंस की त्याच दिवशी मी तुझ्या हॉस्पिटलात येते. नाही लिहिलंस तर दोन आठवडे कसे पटकन जातात ते आपण दोघी बघू.

ताई

८ मार्च

बारके,

तुझी सहा पानं काल दुपारी कामावर मिळाली आणि मी तिथेच वाचली. वाचून झाल्यावर उठले, नळी गरगरा फिरवायच्या यंत्रात ठेवली आणि बटण दाबलं. त्या यंत्रात समोरासमोर दोन नळ्या ठेवायच्या असतात, तोल राहावा म्हणून. पहिल्या दिवशी आलेल्या मुलीलाही ते माहीत असतं. मी एकच ठेवली होती. यंत्र टेबलावर नाचायला लागलं. बाई आतून ओरडत आल्या. बावीस वर्षांत मला कुणी ओरडलं नव्हतं.

तू लिहिलंस की आईनेच तुला बोलावलं. खिडकीतून समोरच्या शिंप्याला हाका मारल्या, त्याने दोरीला पिशवी बांधून फोन वर पाठवला. तिचे शब्द तू जसेच्या तसे लिहिलेस आणि मीही इथे उतरवते, म्हणजे मला खोटं बोलायला जागा राहणार नाही. "बारके, मला इथून ने. ती रोज सकाळी माझा आकडा वाचते आणि मी काहीतरी चोरून खाल्ल्यासारखी माझ्याकडे बघते. मला रोगाची नाही गं, तिच्या चावीची भीती वाटते."

कडी नव्हती, कुलूप होतं. घे, हेही लिहिलं. शिंप्याच्या हातोडीने तू ते तोडलंस. तुटलेलं कुलूप त्या दिवशी मी पायरीवरून उचललं, आणि तरीही नऊ वर्षं सगळ्यांना 'पलंग रिकामा होता' एवढंच सांगत आले. ते माझ्या खणात आहे अजून.

आणि आकडा मी वाचायचे, हे खरं. कमी आला की विचारायचे, काल काय केलंस? पाणी किती प्यालीस, शेजारीण आली होती का, खिडकी उघडलीस का? ती म्हणायची, नाही गं बाई. मला वाटायचं, मी तिला वाचवतेय. ती माझ्याकडे बघायची नाही, ते औषधामुळे असेल असं मी धरून चालले. माझ्या हातून काय झालं ते मला आत्ता लिहिताना कळतंय. तुझ्या ओळींसारख्या माझ्याही ओळी तिरक्या गेल्यात बघ.

तू उरलेल्या डोसांसाठी तिच्या पाया पडलीस. ती म्हणाली, हॉस्पिटलात नाव लागलं की ताईला पत्ता लागेल. मग काहीतरी द्यायला हवं म्हणून तू पूड दिलीस. शेवटी शेवटी तिने तुला बजावलं की हे ताईला कळू द्यायचं नाही, आणि तू नऊ वर्षं माझ्या शिव्या खाल्ल्यास. पण पाचव्या पानावर तुझ्यातली बारकी बाहेर आलीच. "आईने तुला सोडून मला हाक मारली याचा मला त्या दिवशी आनंद झाला होता. तुला सगळं हवंय म्हणून हेही." ठीक आहे. ते मला जास्त खरं वाटलं.

आणि मग शेवटची ओळ. "आता तुला कळलं. तुझ्या पेशी मला नकोत. टिकलीच्या अर्ध्या जुळतात, तेवढ्या पुरे."

मी आज तिकडे आले होते. तुझ्या खोलीला दोन दारं आहेत, एक लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. चावी नर्सच्या गळ्यात. तुला आतून उघडता येत नाही, येणाऱ्याने काचेपलीकडून बघायचं. तूही आता आईच्याच जागी आहेस, आणि तुला तिथे मी ठेवलेलं नाही. डोक्यावर एक केस नाही तुझ्या. तू मला बघितलंस. हात वर केलास, मला वाटलं बोलावतेयस. तू नर्सला पडदा ओढायला सांगत होतीस.

नर्सने बाहेर येऊन विचारलं, पेशंटच्या कोण तुम्ही? मी म्हटलं, दहापैकी दहा.

ताई

१४ मार्च

बारके,

हे पत्र टिकलीच्या हातून पाठवतेय. पाकीट चिकटवलंय. तिने उघडू नये, तिच्याबद्दलच आहे.

सोमवारी तिची नळी आमच्याकडे आली. पेशी तिच्या घ्यायच्या तर आधी एक तपासणी लागते. पोर पोटात असताना आईचं रक्त त्याच्या बापाकडून आलेली चिन्हं परकी म्हणून लक्षात ठेवतं, कधीकधी जन्मभर. तसं तुझ्या रक्तात काही असेल तर लेकीच्या पेशी तुझ्या अंगात रुजायच्या आधीच मारल्या जातील. म्हणून तुझं रक्तद्रव आणि तिच्या पेशी एकत्र ठेवून बघायचं. त्यासाठी तिच्या पेशी जिवंत लागतात.

नळीवर तुझाच आकडा होता, पुढे 'मुलगी' लिहिलेलं. मी ओळखली. नियमाप्रमाणे बाईंकडे द्यायला हवी होती. मी ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. या दिवसांत तिथे अकरापासून चारपर्यंत ऊन असतं. मी बाजूला बसून माझी बाकीची कामं उरकली. मध्ये दोनदा उठून तिला सावलीत ठेवावं असं मनात आलं. पोरीचा रुमाल माझ्या पिशवीतच होता. उठले नाही. चार वाजता एक थेंब काचेवर घेतला, रंग घातला आणि बघितलं. मेलेल्या पेशी त्या रंगाने निळ्या होतात. सगळं निळं होतं.

मग मी लिहिलं, "नमुना तपासण्यायोग्य नाही, पुन्हा पाठवा." त्या रिपोर्टात एकही शब्द खोटा नाही.

पुन्हा नळी, पुन्हा तपासणी, म्हणजे आठ-दहा दिवस. तुझ्या डॉक्टरांचा बुधवारी मला फोन आला. म्हणाले, रोग आत्ता खाली आहे, आठ दिवस तो थांबेल असं मला वाटत नाही. तुमच्या सगळ्या तपासण्या तर झालेल्याच आहेत. झाल्या आहेत. मी त्या फेब्रुवारीतच करून घेतल्या होत्या, टिकली येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. तुला लिहायला लावत होते तेव्हा माझा होकार तिथे फायलीत लागलेला होता. तू एक ओळही लिहिली नसतीस तरी मी आलेच असते. ते तुला कळू दिलं नाही, कारण मला ती सहा पानं हवी होती. मिळाली.

डॉक्टर उद्या सकाळी तुझी सही घ्यायला येतील. करायची की नाही ते तू ठरव. हे पत्र त्यांना दाखवलंस तर माझी नोकरी त्याच दिवशी जाईल आणि जायलाच हवी; मी एका शब्दाने नाकारणार नाही. फक्त आधी विचार कर की मग तुला वाचवायला आठ दिवसांत दुसरं कोण आहे. तू म्हणशील, हे कुलूपच झालं. हो. या खेपेला निदान मी ते कुलूप आहे म्हणून लिहून देतेय. आणि आईच्या वेळेसारखंच, गाठ अर्ध्यावर येते ती त्यानेच. लेकीच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशींपेक्षा माझ्या पुऱ्या जुळणाऱ्या तुला बऱ्या आहेत, हे कुणालाही विचार.

सही केलीस तर असं होईल. मला पाच दिवस इंजेक्शनं देतील, हाडं ठणकतील. मग दोन्ही दंडांत सुया टोचून चार तास पडून राहायचं. इकडे तुला औषध देऊन तुझी मज्जा पार जाळतील. मग एक पिशवी येईल, सरबतासारखी गुलाबी, अर्ध्या तासात चढेल. दोनतीन आठवड्यांनी तुझ्या रक्तात पांढऱ्या पेशी दिसायला लागतील. त्यातली एकही तुझी नसेल. रोज सकाळी नर्स येऊन तुला आकडा वाचून दाखवेल. तो माझा आकडा असेल.

तळहातांना खाज सुटली, लाल पुरळ आलं, तर घाबरू नकोस, डॉक्टरांना लगेच सांग. माझ्या पेशी दारोदार फिरून बघत असतील, घरचं कोण आणि परकं कोण. त्यांना तुझा रोग सापडेल असं मला वाटतं. त्या नेटाने शोधतात. तू त्यांना कुठवर घरची वाटशील ते सांगता येत नाही, मलाही तू घरची की परकी ते कधी नीट सांगता आलेलं नाही.

आईला माझ्याकडून पळायचं होतं तेव्हा तिने तुला हाक मारली. तू कुणाला हाक मारणार, बारके? मी तुझ्या रक्तातच असेन.

ताई